निराधार व गरजू

दुपारची भांडी आटोपून थोरल्या सुनेने हात पुसले आणि दिराने टाइप करून आणलेला आपला बायोडेटा वाचायला घेतला. लग्नाआधी ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती, चांगली सहा वर्षं. नवरा अपघातात गेला, आणि तेव्हापासून सासरचा स्वयंपाक आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले सासरे, एवढंच तिचं जग उरलं. आता तिला पुन्हा नोकरी करायची होती.

दीर मनाचा वाईट नव्हता. त्याने हौसेने कागदाला वेलबुट्टीची किनार घातली होती, तीन तऱ्हेची अक्षरं वापरली होती. स्थळांना पाठवतात त्या नमुन्यावर उंची आणि रंगही टाकला होता. सगळ्यात वर ठळक लाल अक्षरांत होतं, 'विधवा, निराधार व गरजू.' नोकरीचा अनुभव पार तळाशी, तोही 'रक्त तापसणी' असा छापलेला. वरची ओळ काढा, असं तिने सुचवलं. तेव्हा लोकांना दया आली तरच दार उघडतं, असं त्याने समजावलं. सासूबाईंनीही त्याचीच री ओढली. तिने मुकाट्याने तोच कागद जागोजागी पाठवला.

बोलावणं एकाच प्रयोगशाळेतून आलं, तेही तिथले सगळे घरी गेल्यानंतरच्या वेळेचं. मालकाने कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही. लाल ओळीवर बोट ठेवून, घरी वाट बघणारं कोणी आहे का, एवढंच विचारलं आणि उठून दार लोटलं. ती त्याला ढकलून बाहेर पडली.

घरी तिने झालं ते सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी हे कुठे बोलू नकोस म्हणून बजावलं. पण नणंदेला राहवलं नाही. ती एका रुग्णालयात आलेले अर्ज निवडायची. असले नटवलेले कागद आम्ही न वाचताच बाजूला सारतो, असं तिने स्पष्ट सांगितलं. दोघींनी मिळून नवा बायोडेटा केला. एकच पान, एकच साधं अक्षर. शिक्षण आणि अनुभव वर घेतला, प्रत्येक शब्द दोनदा तपासला.

दिराने तो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, दादाचा उल्लेखसुद्धा नको झाला का तुम्हाला?"

"भावजी, ते गेले हे माझं दुःख आहे," ती म्हणाली. "ते माझं शिक्षण नाही की अनुभव नाही. नोकरीसाठी मी ते कुणापुढे मांडणार नाही."

त्या दिवसापासून सासूबाईंनी अबोला धरला. नव्या कागदावर एका ठिकाणी मुलाखत झाली, पण मधली रिकामी वर्षं आडवी आली आणि जागा दुसरीला गेली. मी सांगत होतो ना, असं दीर म्हणाला.

पुढच्या मुलाखतीच्या सकाळी तिने सासऱ्यांच्या पेजेची वाटी दिराच्या हातात दिली आणि चपला घालून निघाली. वडिलांनी तोंड उघडलं. चमचा किती भरायचा, हे मुलाला ठाऊक नव्हतं.