उशांचा डोंगर

“अहो, टॉर्च जरा वर धरा. सूर्य इतका खाली लोळत नाही.”

मी टॉर्च वर धरला. भर दुपारी पडदे ओढून बायकोने जेवणाच्या टेबलावर तीन उशा आणि एका ब्लँकेटचा डोंगर केला होता. माथ्यावरच्या खोलगट जागेत तिचा हातातला आरसा, तो तलाव. मागे उभी केलेली जाड वही, तो कडा. आरशाच्या काठाला दोन बटणं ठेवलेली, माझ्या शर्टाचं तपकिरी आणि तिचं पांढरं. अठरा दिवसांनी पहाटे आम्ही दोघं तिथे उभे राहणार होतो.

“कड्यावर ऊन कधी येतं ते बघायचंय,” ती म्हणाली. “त्याआधी वारा सुटला तर पाणी हलणार, कड्याचं प्रतिबिंब मोडणार. मग माझ्या फोटोचं वाटोळं.”

बालवाडीत सव्वीस वर्षं काढलेली बाई. पोरांचे प्रश्न हिला कधी चिकटले कळलंच नाही. परवा तिने डोंगराखालच्या विश्रामगृहाच्या रखवालदाराला फोन लावून विचारलं, वर वारा किती वाजता सुटतो. तो म्हणाला, “बाई, वाऱ्याला विचारून कळवतो.” हिने दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, विचारलंत का म्हणून.

नऊ वर्षं या सहलीचं भिजत घोंगडं पडलं होतं. आधी मुलीची परीक्षा, मग माझ्या आईचं आजारपण, मग माझी रजा. यंदा सगळं जुळून आलं, आणि महिन्यापूर्वी जिना उतरताना ती कठड्याला धरून थांबली. पुढे रोजच थांबायला लागली.

मी इस्पितळात एक्स-रे काढतो. “हलू नका, श्वास रोखून धरा,” हे माझं दिवसभराचं बोलणं. आज सकाळी तिच्या गुडघ्यांचे फोटो काढले. गुडघ्यासाठी श्वास रोखावा लागत नाही, पण सवयीने म्हणून गेलो, आणि तिने रोखला. फिल्म माझ्या पिशवीत होती. जेवण झालं तरी मी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

“काय दिसलं हो?” आरसा सारखा करत तिने विचारलं.

“डॉक्टर सांगतील.”

एकतीस वर्षं हे वाक्य बोलतोय. आम्हाला दिसतं सगळं, सांगायची मुभा नसते. ती माझ्याकडे बघत राहिली.

“माझा खोकला महिनाभर हटत नव्हता, तेव्हा तुम्ही फिल्म बघितल्याबरोबर म्हणालात, काही नाही, चल घरी. आज बरे डॉक्टर आठवले.”

तिने माझ्या पिशवीतून फिल्मचं पाकीट काढलं, पडदा सारला आणि फिल्म खिडकीच्या काचेला लावली. घाबरली असेल म्हणून मी उठलो, तर चेहऱ्यावर तोच बालवाडीतला भाव.

“दोन हाडांच्या मध्ये फट असते ना?”

“असते.”

“कुठे आहे?”

मी फिल्मवर बोट ठेवलं. “इथे असायला हवी होती.” मी बोट काढलं. “मधली गादी घासून गेलीये. वाट चार तासांची, नुसते दगड. चढशील एक वेळ, उतरता येणार नाही तुला.”

“आणि डॉक्टर काय सांगतील?”

“हेच. जरा गोड करून.”

तिने फिल्म घडी न पाडता पाकिटात घातली. पडदा पुन्हा ओढला. पांढरं बटण उचलून डोंगराच्या पायथ्याशी, विश्रामगृह असेल तिथे ठेवलं.

“इथून काय दिसेल हो?”

मी टॉर्च फिरवला. “कड्याची पाठ. तिचा फोटो कुणी काढत नाही.”

“मग मी काढीन. रखवालदाराशी ओळख आहेच माझी.”

मी माझं तपकिरी बटण खाली आणून तिच्या बटणाशेजारी ठेवलं. तिच्याशिवाय वर जाऊन मी काय करणार होतो. तिने ते उचललं आणि परत आरशाच्या काठाला ठेवलं.

“मला ते पाणी बघायचंय,” ती म्हणाली. आवाज जरा हलला. “नऊ वर्षं विचार करतेय, कसं दिसत असेल.”

मग माझ्या हातातला टॉर्च तिने घेतला आणि आपला कॅमेरा दिला. तो किती जड आहे हे मला आज कळलं. आजवर मी फक्त त्याची पिशवी उचलली होती. मी डोळा लावला. आरशात वही दिसत होती, आणि वहीवर हळूहळू उजेड चढत होता.

“हलू नका,” ती म्हणाली. “श्वास रोखून धरा.”

मी रोखला.