चाळीस अंशांचा हट्ट

मित्रांनो, मला जुना म्हणा, काच तडकलेला म्हणा, पण खोटारडा म्हणालात तर मी ऐकून घेणार नाही. मी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमधला, म्हणजे कापड रंगवायच्या गिरणीतला, थर्मामीटर आहे. गोल तबकडी, तिच्यात लाल काटा आणि खाली वीतभर पोलादी दांडी, एवढाच माझा संसार.

जन्म कुठे झाला ते आठवत नाही. डोळे उघडले ते थेट उकळत्या निळ्या रंगात. त्या मिलमध्ये वाफ अशी की कामगारांच्या डब्यातली कच्ची मिरची जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपोआप तळून निघे. खोटं वाटत असेल तर मिरचीला विचारा. तिथले रंगमास्तर राघो तरुणपणी रंगाच्या बादलीत बोटं बुडवत आणि म्हणत, "सत्तर!" मी बघावं तर सत्तरच. लोक मास्तरांची पाठ थोपटत. माझ्या पाठीवर कुणी फडकंसुद्धा फिरवलं नाही.

मग आपोआप ताप, म्हणजे तापमान, मोजणारी मशीनं आली आणि मी भंगारात गेलो. निवृत्त होताना मास्तरांनी मला खिशात घालून नवागामच्या घरी आणलं. तिथे त्यांच्या पत्नीने, सरलाबाईंनी, मला मोरीच्या खिळ्याला अडकवलं आणि जाळीतले केस उपसायला वापरलं. एकशेतीस अंश पचवलेला मी, आणि हे काम!

अशात त्यांची मुलगी हर्षदा साप घेऊन आली. ती जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. हा कॉर्न स्नेक, म्हणजे बिनविषारी, परदेशी जातीचा, सरकारी नोंद असलेला. मालक गाव सोडून गेला म्हणून हिने सांभाळायला घेतला. केशरी वेटोळं पाहून नाव ठेवलं जिलबी. जिलबी खाते उंदीर, तेही पिशवीत गोठवून विकत मिळणारे.

"मना फ्रीजमा उंदीर ठेवशी ते मी माहेरले जासू!" सरलाबाई कडाडल्या.

म्हणून गॅलरीत वेगळा जुना फ्रीज आला, वेगळं पातेलं आणि वेगळा चिमटा.

एका दुपारी हर्षदाला उशीर झाला. तिने फोन केला, "बाबा, उंदराची पिशवी कोमट पाण्यात ठेवा."

मास्तरांनी पातेल्यात हात घातला. "कोमटच आहे," म्हणाले. तीस वर्षं रंगात शेकलेला तो हात! त्याला कोमट वाटतं ते पाणी तुमचं बोट सोलून काढेल. मी खिळ्यावर तडफडत होतो, पण काट्याला तोंड नसतं. उंदीर वरून शिजला आणि पोटात बर्फ तसाच राहिला. जिलबीने तो गिळला आणि दोन दिवसांनी ओकून टाकला.

डॉक्टर म्हणाले, "दोन आठवडे उपास. मग एक लहानसा उंदीर द्या. तोही तिने ओकला तर तिला वाचवणं अवघड."

हर्षदाचं तोंड एवढंसं झालं. पंधराव्या दिवशी मास्तर पुन्हा बाह्या सावरून पातेल्याशी बसले. हर्षदाने मला खिळ्यावरून काढलं, साबणाने घासलं आणि सरळ त्यांच्या पाण्यात उभं केलं. मी बासष्टवर गेलो.

"बिघडलंय ते डबडं! हे चाळीस आहे, माझा हात सांगतो."

मी तसूभर हललो नाही. मास्तरांनी तबकडीवर टिचकी मारली. बासष्ट. झटकून पुन्हा बुडवलं. बासष्टच! मिलमध्ये मालकापुढे नाही झुकलो, तर घरात झुकेन?

"आई, तू बोट घाल गं जरा."

सरलाबाईंनी बोट घातलं आणि किंचाळून कानाची पाळी धरली. "अहो, चामडं आहे की चप्पल तुमचं?"

मास्तर आपल्या तळव्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ताप एकदम चढवला की कापड वरून रंगतं, आत कोरं राहतं. नवीन पोरांना मीच सांगायचो."

आता ते खरे मास्तर झाले. उंदीर आदल्या संध्याकाळीच बर्फाच्या कप्प्यातून खाली काढून ठेवलेला होता. पाण्यात गार पाणी ओतत त्यांनी मला चाळीसवर आणलं आणि मगच घट्ट बंद पिशवी बुडवली. पाव तासाने उंदराचं पोट दाबून पाहिलं, आत कुठे कडक खडा लागला नाही. पुसून कोरडा केला, लांब चिमट्याने पुढे धरला.

जिलबीने जीभ लपलपवली. तोंड फिरवलं. पुन्हा आली, आणि झडप!

"आता दोन दिवस तिला हात लावायचा नाही," हर्षदाने बजावलं आणि सगळ्यांना साबणाने हात धुवायला पिटाळलं.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. जेवणाच्या ताटावरूनही मास्तर जिलबीच्या पेटीकडे डोकावत. पाचव्या दिवशी जिलबीने पेटीत शी केली. मित्रांनो, नवागामात कुणाच्या बारशाला झाला नसेल एवढा आनंद त्या घरात झाला. सरलाबाईंनी शेजारी शिरा वाटला, पण कशाबद्दल ते सांगितलं नाही.

तेव्हा सांगतो ते ऐका. मुकं जनावर "फार गरम आहे" असं म्हणू शकत नाही. त्याचं खाणं सावकाश वितळवा. मायक्रोवेव्हची घाई नको, उकळतं पाणी नको, आणि एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका. आणि माझा काटा तुमच्या हाताशी भांडला, तर मला झटकण्याआधी तुमचा हात कुठे कुठे शेकलाय ते आठवा. मी मात्र जागचा हलणार नाही.