टोरीच्या तेलाखालचे लोखंड

ऑटोच्या हौद्याखालचा लोखंडी अँगल पुन्हा त्याच जागी तडकला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाळे टाकून मासळीसाठी तलाव ओढायचा होता. कुंताने मालवाहू ऑटो अंगणात चिंचेच्या सावलीला लावला आणि धाकट्या भावाला, प्रफुलला, हाक मारली. प्रफुल ऊर्जानगरला एका कंत्राटदाराकडे वेल्डर होता आणि सुटीवर गावी आला होता. तडकलेला जोड त्यानेच परवा केलेला होता.

ऑटो गावातल्या ढिवर बायांच्या गटाचा. तो चालवायला गटातून एकटी कुंता शिकली होती. यंदा प्रथमच आपली मासळी आपल्या गाडीने कुरखेड्याच्या बाजारात न्यायची, असे बायांनी ठरवले होते. गाडी उभी राहिली, तर वैशाखाच्या उन्हात मासळी नरमणार. मग व्यापाऱ्याचा माणूस विक्की पिकअप घेऊन तलावाच्या काठावर येणार आणि सांगेल त्या भावाने, दरवर्षीसारखी, उचलून नेणार.

"बाई, मले समजूनच नाई राह्यलं," प्रफुल गाडीखाली सरकत म्हणाला. "तिकडे माह्या पाइपाचा जोड दाबाखाली तपासतात. एक थेंब गळत नाई. अन् घरचा अँगल टिकून नाई राह्यला."

"घरच्या कामात तुह्या हातात जीवच नसते. खाट विणली होतीस ना? बाबा खाली गेला होता."

 प्रफुल तुटलेल्या कडेवर बोट फिरवत होता. जोड आतून धिरड्यासारखा जाळीदार झाला होता. असा जोड त्याच्या हातून सहसा होत नसे. त्याने बॅटरीची तार सोडली, ग्राइंडरने जुना जोड घासून लोखंड चकचकीत केले, अर्थिंगचा चिमटा जवळच लावला आणि डोळ्यांवर काच घेऊन रॉड टेकवला. रॉड चरचरला, बुडबुडे उसळले, जोडाच्या बाजूने पांढरा धूर निघाला.

कुंता पदर डोळ्यांवर घेऊन वाऱ्याच्या दिशेला उभी होती. "थांब," ती म्हणाली. "कढई तापल्यासारखा वास येऊन राह्यला."

"कशाचा?"

"टोरीच्या तेलाचा. त्या फटीतून येते."

अँगल आणि चॅसिस यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी फट होती. मासळीचे पाणी गळून लोखंड गंजते, म्हणून कुंता रोज संध्याकाळी हौदा धुऊन त्या फटीत टोरीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल सोडत असे. विळा, पावशी, सायकलची साखळी, दाराची बिजागरी, गावातल्या सगळ्या लोखंडाला हेच तेल लागायचे. वरून लोखंड कितीही घासले, तरी तापल्याबरोबर आत मुरलेले तेल उकळून जोडात शिरत होते. प्रफुल ज्या घरात वाढला, तिथे हा वास भिंतींनाही होता. म्हणूनच तो त्याला वेगळा असा कधी जाणवला नव्हता.

काच डोक्यावर सारून तो हसला. "म्हणजे तू रोज तेल पाजत होती अन् मी भजे तळत होतो."

"मंग आता काय करतोस?"

"सगळा अँगल काढतो. अर्धं काम केलं म्हणून तर तुटला."

त्यानंतरचे त्याचे काम कुंता खाली बसून पाहत राहिली. त्याने जॅक लावून हौदा उचलला, खाली भक्कम ठोकळे दिले, बोल्ट सोडून अँगल बाहेर काढला. चॅसिसची बाजू कापडाने कोरडी पुसली. अँगल गरम पाण्यात सोडा टाकून धुतला, तारेच्या ब्रशने घासला आणि गाडीपासून लांब, चुलीच्या निखाऱ्यांवर धूर पूर्ण थांबेपर्यंत ठेवला. दमट रॉड चुलीशेजारी वाळत घातले. तडकलेल्या कडा उतरत्या घासून दोन्ही बाजूंनी खाच केली. आधी टोकांना ठिपके दिले, मग इकडे थोडे, तिकडे थोडे, असा जोड भरत नेला. दर वेळी छन्नीने वरची खपली काढून तो खाली वाकून बघे. कोपऱ्यात त्याने एक त्रिकोणी पट्टीही बसवली. घाई त्यालाही होती. ती हातांत मात्र उतरली नव्हती. भावाचे हात इतके शहाणे झाले आहेत, हे कुंताला आजवर कोणी सांगितले नव्हते.

गटाची प्रमुख कलाबाई बादली घेऊन आली. "पाणी मारू का, लवकर थंड होईल?"

"नोको, कलाबाई. पाण्यानं लोखंड कडक होते अन् तडकते. त्याले आपल्यानंच थंड होऊ द्या."

अँगल बसवून, रंग लावून झाल्यावर प्रफुलने ओल्या वाळूची पोती मागितली. कलाबाई म्हणाली, "वाळू कायले? आमाले बसव. आमी वाळूहून भारी."

"वाळू पडली तं रडत नाई," प्रफुल म्हणाला.

वाळूने भरलेला ऑटो कुंताने नाल्याच्या खडकाळ उतारावरून खाली नेला आणि वर आणला. प्रफुल शेजारून चालत होता. जोडावर केसभरही रेघ उमटली नाही.

सकाळी तलावाच्या काठावर विक्की पिकअपला टेकून उभा होता. बाया मासळीच्या टोपल्या ऑटोत चढवत होत्या. "चढवा, चढवा," तो म्हणाला. "मी मांगं मांगंच येतो. गाडी तुटली का माल उचलतो."

"ये ना," कुंता म्हणाली. "डिझल तुह्या मालकाचं."

टोपल्यांच्या कडेला प्रफुल बसला होता. मान खाली, नजर जोडावर. पांदणीचे खड्डे गेले, नाला गेला, डांबरी रस्ता लागला. कुंताने गाडी बाजूला घेतली.

"उतर."

"काऊन? काही वाजलं का?"

"काहीच नाई वाजलं. जोड पक्का हाये, आता राखण नोको. तू बसला त्या जागी दोन टोपले बसतात, अन् ते तिकडे काठावर राहिले. पुढच्या खेपेले ते आणाचे हायेत, तुले कुठी ठेवू?" तिने आरशात पाहिले. "विक्की रिकामाच येऊन राह्यला. त्याच्यासंग घरी जा."