तिसऱ्यांदा जमलेला कागद

मी कागद बोलतोय. हसू नका, माझ्या कडा वेड्यावाकड्या आहेत हे मलाही ठाऊक आहे. दुकानातल्या गुळगुळीत कागदांसारखा मी यंत्रातून आलेलो नाही. मी आलो आत्याच्या गच्चीवरच्या टबातून.

त्याआधी मी मक्याच्या कणसांची सालं होतो. आत्याच्या भाचीने मला कात्रीने बारीक कातरलं. घरात तिला सगळे 'घाई' म्हणतात, त्यावरून काय ते समजा. तिने सालांसोबत आणलेली चीक गळणारी पानं आत्याने आधीच बाजूला काढली, त्यांनी अंगाला खाज सुटते म्हणून. धुण्याचा सोडा घालून मला शिजवायचं कामही आत्याने स्वतःकडेच ठेवलं. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडक्या सताड उघड्या आणि घाई दाराबाहेर. तिथून ती सारखी विचारत होती, झालं का? मग मला खळखळून धुतलं आणि आत्याने मिक्सर फिरवला. माझा मऊ लगदा झाला.

दुसऱ्या दिवशी घाईची आई नवं बाळ घेऊन घरी येणार होती. भावासाठी घाईला स्वतःच्या हाताने केलेला अख्खा कागद हवा होता, चित्र काढायला.

तिने जाळीची चौकट टबात बुडवून मला उचललं, फडक्यावर उलटवलं आणि लगेच कोपरा धरून ओढलं. झालं, फाटलो! दुसऱ्या खेपेला ती जेवण होईपर्यंत थांबली. पुन्हा फाटलो.

"माझ्याकडून काहीच धड होत नाही," म्हणत ती रडायला लागली.

आत्याने माझे तुकडे टबात टाकले. "कागदाचं बरं असतं बघ. फाटला की भिजवायचा. ढवळ आता."

तिसऱ्या वेळी घाई स्वतःच्या हातांवर बसून राहिली आणि मला रात्रभर वाळू दिलं. सकाळी तिने मला सावकाश सोडवलं आणि मी अख्खा निघालो! मला इतका आनंद झाला की मी सळसळलो. तिने माझ्यावर मांजर काढलं. ते बटाट्यासारखं दिसतं, पण मिशा झकास आहेत.

आई आली. घाईने मला बाळासमोर धरलं. बाळाने माझा कोपरा मुठीत घट्ट पकडला, हात झटकला, आणि टर्रकन आवाज झाला. सगळे घाईकडे बघायला लागले. तोंडात जाऊ नये म्हणून आत्याने तुकडा हळूच काढून घेतला.

घाई बाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे. त्याचा पहिलाच कागद आहे."

आता मी भिंतीवर आहे. कधी आलात तर माझा कोपरा चिकटवायला जाऊ नका. "तो माझ्या भावाने घेतलाय," असं घाई आल्यागेल्याला सांगते, आणि मला अंगात काहीच कमी वाटत नाही.