हलकी चाकं

"चाकं? सायकलीला दोन चाकं आहेतच की," शुभदा म्हणाली आणि तिने कुकरचं झाकण लावून टाकलं.

अरविंद सामंत मोबाइल तिच्यासमोर धरून उभा होता. फोटोत दोन काळीभोर चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

"ही कार्बनची आहेत. माझी अ‍ॅल्युमिनियमची. जड पडतात गं. चढावर जीव जातो हल्ली."

"मग चढावर जाऊ नका. पन्नाशी कधीच उलटली तुमची. नवी मुंबईत सपाट रस्ते काय कमी आहेत?"

यावर अरविंदकडे उत्तर होतं, पण ते स्वयंपाकघरात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगांच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. पिंपं आली, पिंपं गेली, यातच त्याची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. शाळेत तो मधल्या बाकावरचा. कारखान्यात त्याच्या मागून आलेली माणसं त्याचे साहेब झाली आणि त्याने त्यांचे पेढे मनापासून खाल्ले. लग्नकार्यात कुणी फोटो काढला तर तो कुणाच्या तरी खांद्याआड असायचा. त्याचं त्याला काही वाटत नसे.

मग डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं आणि शेजारच्या इमारतीतल्या फजलने त्याला सायकलीवर बसवलं. फजल मूळचा तळोज्याकडचा, पनवेलला त्याचा टाइल्सचा धंदा. वयाने अरविंदपेक्षा बराच लहान, तोंडाने मात्र मोठा. दर रविवारी उजाडता उजाडता खांदेश्वर स्टेशनासमोर चारपाच जण जमायचे आणि खारघरच्या डोंगराकडे निघायचे. तिथल्या चढावर अरविंदला एक नवलच कळलं. त्याचं सडपातळ, कुणाच्या नजरेत न भरणारं शरीर चढासाठीच बनवल्यासारखं होतं. बाकीचे धापा टाकत वळणं घेत असायचे आणि हा वर पोचून, झाडाखाली सायकल टेकवून त्यांची वाट बघत उभा असायचा. आयुष्यात पहिल्यांदाच माणसं त्याच्या मागून येत होती.

दिवाळीनंतर ते बिघडलं. आधी तो दुसरा आला, मग तिसरा, मग शेवटचा. त्याने सीट वर करून बघितली, साखळीला तेल घातलं, टायर बदलले. मग सायकलींचे व्हिडिओ बघत बसू लागला आणि त्यातून त्याला चाकं सापडली. चाक हलकं केलं की चढ हलका होतो, असं सगळेच सांगत होते. त्याला ते पटलं. पटायला हवंच होतं.

"घेण्याआधी वापरून तर बघा, सामंतसाहेब," फजल म्हणाला. त्याच्या स्वतःच्या सायकलीला तसलीच चाकं होती. "माझी लावा तुमच्या सायकलीला. तुमची मी लावतो. एक रविवार. फरक वाटला तर घ्या, नायतर सोडून द्या. टेन्शन काय त्यात?"

त्या रविवारी हवेत गारवा होता. सपाट रस्त्यावर सायकल नुसती पळत सुटली आणि अरविंदच्या छातीत काहीतरी सुटं झालं. चाकंच होती तर! उगाच घाबरलो आपण. घरी गेल्यावर शुभदाला कसं सांगायचं याची वाक्यंही त्याने मनात जुळवली.

चढ लागला आणि पहिल्याच वळणावर डावा पाय कुठेतरी निघून गेला. दुखत नव्हता, थकलाही नव्हता. अरविंद त्याला 'दाब' म्हणत होता आणि ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. उजव्या पायाने तो दोघांचं काम करत राहिला. बाकीचे पुढे निघून गेले. फजल मात्र मागेच होता.

"तुमची चाकं खरंच जड आहेत हो," मागून धापा टाकत फजल म्हणाला. "दम लागला राव. तुमी कसं काय चालवता?"

अरविंदला बरं वाटलं. त्याने वळून बघितलं. फजल जीभ बाहेर काढून मान हलवत होता. थोडं पुढे गेल्यावर झुडपातून एक कुत्रा फजलच्या अंगावर धावून आला. "ए हाड! चल हट! हट साला!" फजल असा खणखणीत ओरडला की डोंगरावरून त्याचा आवाज परत आला. कुत्रा पळाला. आणि लगेच पुन्हा धापा सुरू झाल्या.

दम लागलेल्या माणसाला तसं ओरडता येत नाही.

अरविंदने पुढे बघितलं आणि पॅडल मारणं थांबवलं. सायकल जागच्या जागी उभी राहिली. डावा बूट पॅडलला अडकवणाऱ्या खटक्यातून सोडवायला त्याने टाच बाहेर वळवली. म्हणजे वळवायला सांगितली. ती वळली नाही. तो सायकलीसकट डाव्या अंगावर पडला.

फजलने आधी त्याचा बूट सोडवला, मग त्याला उठवून कठड्यावर बसवलं. कोपर खरचटलं होतं, त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. मग तो शेजारी बसला.

"किती दिवस झाले?" फजलने विचारलं.

"कशाला?"

"पायाला."

अरविंद खालच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"मागच्या महिन्यात चहाच्या टपरीवर तुमची चप्पल निघाली पायातून," फजल म्हणाला. "तुमी तसेच चालत पुढे गेलात. कळलं पण नाय तुमाला. मी उचलून आणली, तर तुमी हसलात. मला नाय हसू आलं. घरी सांगितलंय काय?"

"चाकांचं सांगितलंय," अरविंद म्हणाला.

त्या दिवशी ते चढ पुरा न करताच परत फिरले. अरविंदची सायकल फजलने आपल्याकडेच ठेवून घेतली.

मग डॉक्टर सुरू झाले. एकाने मणक्याचा फोटो काढायला लावला, दुसऱ्याने जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, तिसरीने पायाच्या स्नायूंत सुया खुपसून यंत्रावर काहीतरी बघितलं आणि कागद न वाचताच अरविंद आणि शुभदाला खुर्च्या पुढे घ्यायला सांगितल्या. डॉक्टरीण तरुण होती, शांत बोलत होती. मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात, असा हा आजार. आज पाय आहे, उद्या हात असेल, पुढे गिळणं, श्वास. थांबवणारं औषध अजून नाही. वेग थोडा कमी करता येतो.

शुभदा बेलापूरच्या विमा कार्यालयात नोकरीला होती. समोरच्याने काही चुकीचं सांगितलं की कागद दाखवून ते दुरुस्त करायची तिला सवय. तिने तेच केलं.

"डॉक्टर, काहीतरी गल्लत होतेय तुमची," ती म्हणाली. "हे सायकल चालवतात. खारघरचा डोंगर चढून जातात, सगळ्यांच्या आधी. विचारा कुणालाही."

अरविंदने तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याच्या सायकलीबद्दल ती कुणापाशी अशी बोललेली त्याने ऐकली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली.

"सायकल चालवू का?" त्याने एवढंच विचारलं.

"सपाट रस्त्यावर. कुणीतरी बरोबर असेल तर, आणि झेपेल तोवर. पडायचं मात्र नाही."

घरी आल्यावर शुभदाने दोन दिवस रजा घेतली आणि त्या दोन दिवसांत घरातली सगळी कपाटं काढून पुसली. मुलीला, क्षिप्राला, तिने बंगळूरला फोन करून सगळं सांगितलं, पण गॅलरीचं दार ओढून घेऊन. अरविंद कामावर जाऊ लागला. कारखान्यात त्याने काही सांगितलं नाही. बसमध्ये चढताना एका बाईने त्याला हात दिला, तेव्हा तो थँक्यू म्हणाला आणि मग दिवसभर त्या हाताचाच विचार करत राहिला.

एका संध्याकाळी शुभदा मेथी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "ती चाकं घ्या."

"कुठली?"

"सायकलीची. फोटो दाखवला होता ना तुम्ही."

डॉक्टरांच्या खोलीत न वाटलेली भीती अरविंदला आत्ता वाटली. शुभदा नाही म्हणत होती तोवर सगळं ठीक होतं. नाही म्हणायला पुढे पुष्कळ दिवस होते. तिचा होकार ऐकल्यावर त्याला कळलं, की दिवस संपत आलेत.

"आता कशाला?" तो म्हणाला. "चाकांचा काही दोष नव्हता. पायच..."

"मला माहीत आहे."

"मग? वाया जातील."

"जाऊ देत वाया." तिने एक काडी उचलली, पानं खुडली आणि नजरचुकीने काडीच भाजीत टाकली. "डॉक्टर म्हणतात, हे करून उपयोग नाही, ते करून उपयोग नाही. मी विचारते तेव्हा, धीर धरा म्हणतात. किती धरू? तुम्ही तोंडाने मागितलेली एवढी एकच गोष्ट आहे. लग्न झाल्यापासून दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी आठवून बघितलं."

अरविंदला खरं तर ती चाकं आता नको होती. ती बघितली की तो चढ आठवणार, तो कुत्रा आठवणार. पण शुभदाची बोटं थांबली होती आणि ती उत्तराची वाट बघत होती. या आजारात तिच्या हाताला करण्यासारखं एवढंच लागलं होतं.

"बरं," तो म्हणाला. "घेऊ या."

फजलला कळलं तेव्हा तो म्हणाला, "माझीच घ्या ना. नवीन कशाला?"

"नको. नवीच घेणार," अरविंद म्हणाला. "शुभदाने सांगितलंय."

नेरूळच्या दुकानात ते तिघं फजलच्या टेम्पोतून सायकल घेऊन गेले. दुकानदार उत्साही होता. जुनी चाकं काढून नवी बसवताना तो बोलतच होता. "साहेब, आता चढावर नुसते उडाल बघा. वर्षानुवर्षं काही होणार नाही याला. दहा वर्षांनी पण तुम्ही माझं नाव काढाल."

शुभदा हेल्मेटच्या फळीकडे तोंड करून उभी राहिली.

"हो," अरविंद म्हणाला. "काढीन की."

"वहिनी, उचलून तर बघा."

शुभदा वळली. तिने आजवर त्या सायकलीला घरातली धूळ पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता. तिने दांडीला धरून ती उचलली आणि सायकल अपेक्षेपेक्षा इतकी सहज वर आली, की तिचा तोल किंचित मागे गेला.

"अय्या," ती म्हणाली. "काहीच नाही हो वजन!"

ती अरविंदकडे बघून हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. अरविंदही हसला.

खांदेश्वरच्या त्यांच्या जुन्या सिडकोच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. फजल सायकल वर न्यायला पुढे झाला.

"राहू द्या, भाऊ. मी नेते," म्हणत शुभदाने ओढणी कमरेला बांधली आणि सायकल खांद्याला लावली.

"तू हो पुढे," अरविंद म्हणाला. "मी येतो."

ती जिना चढू लागली. भिंतीला घासून मागचं चाक फिरलं आणि टिकटिक करत फिरतच राहिलं. अरविंद कठड्याला धरून मागून निघाला. पहिल्या मजल्यावर तो थांबला तेव्हा ती दिसेनाशी झाली होती. टिकटिक तेवढी वरून ऐकू येत होती.

तिथे राहणाऱ्या सरस्वतीबाईंनी दार उघडून बाहेर डोकावलं. "नवीन सायकल घेतलीत वाटतं?"

"नाही हो. सायकल तीच आहे," अरविंद म्हणाला. "चाकं नवी बसवली."

"बरं केलंत. सावकाश जा."

त्या आत गेल्या. वर कुलूप उघडल्याचा आवाज झाला, दार ढकलल्याचा झाला, आणि मग टिकटिक थांबली. अरविंदने उजवा पाय वरच्या पायरीवर टाकला, कठड्यावरची पकड घट्ट केली आणि डावा त्याच्यामागून ओढून घेतला.