उत्तरेच्या भिंतीवरची फळी

मी एक जुनी सीडरची फळी आहे. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराकाठच्या एका घराच्या उत्तरेच्या भिंतीला मी साठ वर्षं बाहेरून खिळलेली होते. आता माझा मुक्काम अंगणातल्या ढिगात आहे.

मित्रांनो, मला तिथे ठोकलं वेइक्को लाहतीने, त्याच्या लग्नाच्या वर्षी. दर चार वर्षांनी तो मला पांढरा रंग द्यायचा. येणारेजाणारे थांबून घराचं कौतुक करायचे आणि मी फुगून जायचे. खरं सांगते, पाऊस मी अडवला, वाराही बराचसा अडवला, पण थंडी माझ्या आवाक्यातली नव्हती. बडा घर पोकळ वासा, अशी आमची गत होती.

वेइक्को गेला आणि रंगही थांबला. माझे पापुद्रे सुटले, खालची कड कुजली. त्याची बायको हेल्मी आता एक्क्याऐंशी वर्षांची. गेला हिवाळा तिने स्वयंपाकघरात, शेगडीजवळच्या बाकावर झोपून काढला. मुलगा रूडी म्हणाला, नव्या फळ्या लावू, पण येणारा हिवाळाही तसाच गेला तर तुला शहरातल्या वृद्धाश्रमात जावं लागेल. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

शरदात सुतार गॉर्डीने आम्हाला उपटलं. भिंतीच्या पोकळीत जुन्या वर्तमानपत्रांखेरीज काहीच नव्हतं.

"इतकी वर्षं तुम्ही घर नाही, सरोवर तापवत होतात," गॉर्डी म्हणाला. नव्या फळ्यांखाली थंडी अडवणारे फोमचे दोन इंची तक्ते ठोकावेत, भिंत काही पुन्हापुन्हा उघडत नाही, असं त्याचं म्हणणं. रूडी मात्र अडून बसला. भिंत जाड झाली की खिडक्यांच्या चौकटी बदलाव्या लागणार, आणि त्या वेइक्कोने हाताने केलेल्या. आईला ते सोसायचं नाही, असं त्याला वाटत होतं.

हेल्मी बाहेर आली. तिने त्या पोकळीत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"तुझे बाबा जन्मभर पलंगावर या भिंतीकडे झोपले," ती रूडीला म्हणाली. "म्हणायचे, मला उकडतं."

रूडीने खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला.

"काढ रे त्या चौकटी," हेल्मी म्हणाली.

तक्ते लागले, सांधे चिकटपट्टीने बंद झाले, वर नव्या फळ्या आल्या. मला त्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? जानेवारीत पारा उणे तीसवर गेला, तरी हेल्मी आपल्या खोलीतच झोपली, आणि तीही भिंतीकडे.

मित्रांनो, कधी भिंत उघडलीत तर घाईने झाकू नका. आधी तिला उबेचं काही घाला. नाहीतर त्या घरातलं कुणीतरी सगळा गारठा आपल्या पाठीवर घेतं आणि कुणाला सांगत नाही.