झेनोनचा मफलर

"फेला, तिच्या गळ्यात काय बांधलंस गं?"

मिरवणूक चर्चला वळसा घालून विस्वा नदीच्या उताराला लागली होती. पुढे काठीवर मझान्ना, पेंढ्याची बाहुली, डुलत होती आणि मागे शाळेची पोरं ताटल्या बडवत होती. हिवाळ्याची ही म्हातारी मार्चात नदीत बुडवली की थंडी आणि दुखणी तिच्याबरोबर जातात. तिला नटवायचं काम लुत्सिनाचं. इस्पितळाच्या धोबीखान्यात जन्म गेलेली बाई, जुन्या कपड्यांना तिच्याकडे काय तोटा. या वर्षी गुडघे धरले म्हणून नणंद फेला मदतीला आली होती.

"मफलर," फेला म्हणाली. "दारामागं लोंबत होता. डिझेलचा वास मारत होता मेला. म्हटलं, जाऊ दे एकदाचा. का गं वहिनी?"

लुत्सिनाने पुढे डुलणाऱ्या काठीकडे पाहिलं.

"झेनोनचा होता तो."

फेला जागीच थांबली. "माझ्या भावाचा? अगं, मला आंधळीला दिसतंय कुठं. जा, काढून घे. पोरांना काय कळतंय."

"वेशीबाहेर आलेलं परत घरात नेत नाहीत. आजार येतो पाठोपाठ."

"हे तूच सगळ्यांना सांगत आलीस. आता तूच मोड."

लुत्सिना भराभरा चालू लागली, थांबली, पुन्हा चालू लागली. काही सुचेना. झेनोनला जाऊन दोन हिवाळे झाले होते. गावभरच्या चादरी धुतलेल्या या बाईने तो मफलर मात्र पाण्यात घातला नव्हता.

झेनोनने आयुष्यभर फेरीबोट हाकली. या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून या काठावर. त्याचा आजा लाकडाचे तराफे घेऊन थेट ग्दान्स्कच्या समुद्रापर्यंत जायचा. साऱ्या पोलंडचा गहू या विस्वाच्याच पाठीवरून गेला, असं झेनोन घरचं कौतुक सांगावं तसं सांगायचा. नदीला तो राणीसाहेब म्हणायचा. "लुत्सिना, एकदा राणीसाहेबांच्या संगतीनं खाली जायचंय. पार शेवटापर्यंत."

"आधी छप्पर बघा," ती म्हणायची. छपरामागून लेकीचं लग्न आलं, मग त्याची छाती बिघडली. जायचं राहूनच गेलं. तिला त्याचं फार वाईट वाटे, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पाण्याच्या कडेला तिने मझान्नाला गाठलं. काठी शेजारच्या कालिनाच्या हातात होती. पोरीने सगळा हिवाळा अंथरुणात काढलेला, डोळे अजून खोल गेलेले.

"आजी, हिच्याबरोबर माझा खोकला जाणार ना? नक्की?"

लुत्सिनाचा हात गाठीवर होता. फेलाने बांधलेली गाठ ती, एका हिसक्यात सुटली असती. पोरगी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"जाणार," लुत्सिना म्हणाली. "मी सांगते ना."

तिने मफलरची दोन्ही टोकं ओढली आणि झेनोन बोट खुंट्याला बांधायचा तशी दुहेरी गाठ मारली. मग कालिनाच्या हाताला हात लावून काठी पाण्यात ढकलली.

"चला, आता मागं बघायचं नाही," मास्तर ओरडले. जो बघतो, दुखणं त्याच्याकडे परत येतं. पोरं चढावर पळत सुटली. लुत्सिनाही निघाली. विलोच्या झाडापर्यंत गेली आणि थांबली.

"वहिनी, चल ना. आजारी पडशील."

"पडले तर पडले. तू हो पुढं."

ती वळली.

मझान्ना वाहत बंद पडलेल्या फेरीच्या धक्क्यापाशी पोचली होती. तिथल्या भोवऱ्यात ती सापडली, एकदा गर्रकन फिरली आणि काठाकडे सरकू लागली. रोज संध्याकाळी बोट अशीच वळायची.

"नको," लुत्सिना हळूच म्हणाली. "छप्पर झालंय आता. जा तुम्ही."

प्रवाहाने मझान्नाला ओढून मध्ये नेलं. मफलरची करडी टोकं पाण्यावर पसरली. धक्का मागे पडला.